राजधानीची थंडी, देशाची बातमी

जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एक प्रश्न कानावर पडतो. निफाडला पारा चार अंशांवर आलाय, माणसं रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या धरून बसलीत, आणि राष्ट्रीय वाहिनी लावावी तर इंडिया गेटसमोर मफलर गुंडाळलेला वार्ताहर धुकं दाखवतोय. थंडी काय फक्त दिल्लीतच पडते? गोंदिया-नागपूरकडचे लोक हेच विचारतात. तेलंगणातले आदिलाबादवाले आणि ओडिशातले फुलबनीवाले आपापल्या भाषेत हेच विचारत असणार.

या प्रश्नात थोडा राग असतो, थोडी चेष्टा. पण ‘दिल्लीवाल्यांना स्वतःपलीकडं काही दिसत नाही’ एवढ्या उत्तरावर भागत नाही. थंडी मोजतात कशी, तिथपासून सुरुवात करावी लागते.

१. लाट कशाला म्हणायचं?

भारतीय हवामान विभाग थंडीची लाट दोन रीतींनी ठरवतो. पहिल्या रीतीत सपाट प्रदेशातल्या ठिकाणी किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जायला हवं आणि त्या ठिकाणच्या, त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा ते निदान साडेचार अंशांनी कमी हवं. हा फरक साडेसहाच्या आसपास किंवा त्यापुढं गेला की लाट ‘तीव्र’ होते. दुसरी रीत सरासरीकडं बघतच नाही. पारा चार अंशांवर किंवा त्याखाली आला की लाट, दोनवर आला की तीव्र लाट. डोंगराळ भागात दहाऐवजी शून्याची अट आहे. किनारपट्टीला थोडी सवलत मिळते. तिथं फरक साडेचारचाच लागतो, पण किमान तापमान पंधरापर्यंत आलेलं असलं तरी चालतं.

आता एक छोटं गणित करू. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत जानेवारीतलं सरासरी किमान तापमान साडेसात अंशांच्या आसपास असतं. नाशिकचं अकरा धरू, मुंबईत सांताक्रूझचं सतरा. एका पहाटे दिल्लीत साडेचार, नाशिकला सहा आणि सांताक्रूझला बारा अंश नोंदले गेले असं समजा. सगळ्यात गार अर्थातच दिल्ली. पण दिल्लीचा पारा सरासरीपेक्षा तीनच अंशांनी उतरलाय आणि चारच्या खालीही गेलेला नाही, म्हणजे दोन्ही रीतींनी तिथं लाट नाही. नाशिक सरासरीपेक्षा पाच अंश खाली, दहाच्याही खाली, म्हणून तिथं लाट. मुंबईतही फरक पाचचा आणि किनाऱ्याची अट पूर्ण, म्हणून तिथंसुद्धा लाट जाहीर करता येते. दुसऱ्या दिवशी मथळा मात्र येणार ‘दिल्ली गारठली’. त्यात खोटं काही नाही, फक्त त्या दिवशी सांगण्यासारखं दुसरीकडं जास्त घडलेलं असतं.

सरासरीशी तुलना का करायची? कारण अंग, घर आणि पीक तिन्ही तिथल्या नेहमीच्या थंडीला सरावलेले असतात. दिल्लीतल्या बहुतेक घरांत रजई असते, हीटर असतो, निदान स्वेटर तरी असतोच. मुंबईत स्वेटर शोधायला माळ्यावर चढावं लागतं. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. हा आकडा दिल्लीकरांना नेहमीच्या जानेवारीतला वाटेल, पण मुंबईचा तो आजवरचा नीचांक आहे.

हवामान विभागाने थंडीच्या लाटेचा जो मुख्य पट्टा आखलाय त्यात पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार तर आहेतच, पण ओडिशा, तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रही आहेत. म्हणजे शास्त्राच्या नकाशात आपण आहोत. गळतो ते नकाशावरून पडद्यावर येताना.

२. कॅमेरा जिथं, थंडी तिथं

हिंदी-इंग्रजी वृत्तवाहिन्यांचा मोठा कारभार दिल्लीत आणि शेजारच्या नोएडात चालतो. नोएडाच्या फिल्मसिटीत एका रस्त्याला लागून अनेक वाहिन्यांची कार्यालयं आहेत. सकाळी सहाला थंडीची बातमी द्यायची ठरली की दहा मिनिटांच्या अंतरावर धुकं असतं, शेकोटीभोवती बसलेले रिक्षावाले असतात आणि निवाऱ्यात झोपलेली बेघर माणसं असतात. गाडी तयार, कॅमेरामन तयार, वार्ताहर पगारावर. गोंदियाला माणूस पाठवायचा तर नागपूरहून निघावं लागेल. तेवढ्यात सकाळचं बुलेटिन संपून जातं.

पंगतीत वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावरही जिलबी पोचते, असं आपण म्हणतो. दिल्ली तर पहिल्याच पानावर बसलेली आहे आणि वाढपी घरचाच आहे.

हा भेद उत्तर विरुद्ध दक्षिण असा सरळ नाही. राजस्थानातलं चुरू आणि हरियाणातलं हिसार ही गावं कित्येक रात्री दिल्लीपेक्षा गार असतात. वाट्याला येते ती पडद्याखालच्या पट्टीतली एक ओळ. थंडी लागून होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी नोंदीत बिहार, उत्तर प्रदेश आणि झारखंड ही राज्यं वर्षानुवर्षं वरच्या रांगेत दिसतात. पण पलामू किंवा गया जिल्ह्यातला रात्रीचा गारठा राष्ट्रीय वाहिनीवर कितीदा पाहिल्याचं आठवतं?

दिल्लीच्या थंडीला बातमीमूल्य नाही असं अजिबात म्हणायचं नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंगला दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंशांवर अडकलं. डिसेंबरमधला इतका गार दिवस १९०१ पासून तिथं नोंदला गेला नव्हता. १ जानेवारी २०२१ ला किमान तापमान १.१ वर गेलं. या बातम्या व्हायलाच हव्या होत्या. फक्त त्याआधी, २९ डिसेंबर २०१८ ला, नागपूरला ३.५ अंशांवर पारा आला होता आणि तो त्या शहराचा नीचांक ठरला होता, हे नागपूरबाहेर किती जणांना ठाऊक आहे, एवढाच मुद्दा.

३. धुक्याची बाजू

वाहिन्यांची एक बाजू मात्र मला पटते, ती धुक्याची. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली आली की त्याला धुकं म्हणतात, २०० च्या खाली दाट आणि ५० च्या खाली अतिदाट. दिल्लीच्या विमानतळावर अतिदाट धुकं उतरलं की त्याचा फटका कोची आणि गुवाहाटीलाही बसतो, कारण तेच विमान दिवसभर पुढं फिरणार असतं. गाड्यांचंही तसंच. गोवा एक्स्प्रेस किंवा कर्नाटक एक्स्प्रेस धुक्यात रखडली की मनमाडच्या फलाटावर माणसं पहाटेपासून ताटकळतात, आणि त्यांना त्या दिवशी दिल्लीचीच बातमी हवी असते.

पण इथंही एक चक्र फिरताना दिसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात धुक्याचा सखोल अभ्यास सुरू केला, तो दिल्लीच्या विमानतळावर. विमानतळ महत्त्वाचा, म्हणून उपकरणं तिथं. उपकरणं तिथं, म्हणून आकडे तिथले. आणि आकडे हाताशी असले की बातमी लिहायला सोपी. धुकं मात्र पंजाबपासून बिहार-बंगालपर्यंत अख्ख्या सिंधू-गंगेच्या मैदानावर चादरीसारखं पसरलेलं असतं.

४. निफाडची पहाट

आता जिथं कॅमेरा पोचत नाही तिथं जरा थांबू. निफाड तालुक्याचा भाग बराचसा सपाट आणि सखल आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते. गार हवा जड, ती खोलगट भागात साचते. तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पेटीत असतो. पानापाशी, गवतापाशी त्याहून काही अंशांनी जास्त गारठा असतो. महाबळेश्वरला गावात पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, ते यामुळंच.

जानेवारीत द्राक्षबाग नाजूक अवस्थेत असते. ऑक्टोबरच्या आसपास छाटणी झालेली, घडांत मणी धरलेले, काही बागांत मण्यांत पाणी उतरायला लागलेलं. पारा चार-पाचच्या खाली गेला की मुळांचं काम मंदावतं, मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो. रात्री कडाका आणि दुपारी कडक ऊन असं झालं की मणी तडकतात. हिरव्या जातींत गुलाबी मण्यांची तक्रार येते. खायला त्यात काही वाईट नसतं, पण परदेशी पाठवायच्या मालात गुलाबी मणी दिसले की व्यापारी माल नाकारतो. म्हणून शेतकरी घडाघडाला कागद गुंडाळतो, बहुतेक वेळा वर्तमानपत्राची रद्दीच. (वर्तमानपत्राचा थंडीशी इतका जवळचा संबंध दुसरीकडं कुठं येत नसेल.) पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बांधाबांधाला पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटतात, म्हणजे साचलेली गार हवा जरा हलती राहते.

निफाडचा जो आकडा मराठी वर्तमानपत्रांत येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. गंमत म्हणजे ज्या थंडीनं द्राक्षवाला धास्तावतो तीच शेजारच्या गहू-हरभऱ्याला मानवते. ‘कडाक्याच्या थंडीनं पिकांना फटका’ असा सरसकट मथळा या तालुक्यात कुणी गंभीरपणे घेत नाही. राष्ट्रीय बातमीत हा बारकावा येणं कठीण आहे. एका मिनिटात गहू, हरभरा आणि द्राक्ष तिन्ही कसे बसवणार?

५. न्यूयॉर्कला बर्फ कमी पडला, त्याची गोष्ट

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. अमेरिकेतल्या तीन जुन्या दूरचित्रवाणी कंपन्यांची मुख्य कार्यालयं न्यूयॉर्कमध्ये आहेत. जानेवारी २०१५ मध्ये ईशान्य किनाऱ्यावर मोठं हिमवादळ येणार, असा अंदाज होता. न्यूयॉर्कला दोन-तीन फूट बर्फ पडेल म्हणून २६ तारखेच्या रात्री शहराची भुयारी रेल्वे बंद ठेवली. बर्फासाठी ती पूर्ण बंद ठेवण्याची इतिहासातली ही पहिलीच वेळ. सकाळी उठून बघतात तर सेंट्रल पार्कमध्ये जेमतेम २५ सेंटीमीटर. लगेच चर्चा सुरू झाली: वादळ फुसकं निघालं, हवामानवाल्यांनी उगाच घाबरवलं.

वादळ फुसकं नव्हतं, थोडं पूर्वेला सरकलं होतं. बॉस्टनला ६० सेंटीमीटरहून जास्त बर्फ पडला, त्याच राज्यातल्या वूस्टरला ८५ हून जास्त, आणि नॅन्टकेट बेटावरची वीज गेली. पुढच्या काही आठवड्यांत बॉस्टन बर्फाखाली इतकं दबलं की त्या हिवाळ्याची बेरीज अडीच मीटरच्या पुढं गेली आणि शहराचा विक्रम मोडला. तरी त्या मंगळवारी देशभर लोकांच्या मनावर जे ठसलं ते ‘अंदाज चुकला’ एवढंच. जिथून बातमी निघते तिथलं आकाश मोकळं असलं की वादळच झालं नाही असं वाटायला लागतं. नुसत्या दुर्लक्षापेक्षा हा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण पुढच्या वेळी इशारा आला की लोक तो हसण्यावारी नेतात.

६. हिवाळा म्हणजे थंडीच का?

इथं एक आणखी खोल गोष्ट आहे. ‘हिवाळ्यातलं हवामान’ म्हटलं की धुकं, शेकोटी आणि बर्फ ही चित्रंच डोळ्यांपुढं येतात. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. तिथल्या माणसाच्या धास्तीचा हिवाळा पाण्याचा असतो.

१७-१८ डिसेंबर २०२३ ला तुतिकोरिन जिल्ह्यातल्या कायलपट्टिनमला २४ तासांत सुमारे ९५ सेंटीमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४.४ सेंटीमीटर पडला होता, म्हणजे जवळजवळ तेवढाच. ‘२६ जुलै’ एवढं म्हटलं की महाराष्ट्रात पुढं काही सांगावं लागत नाही. कायलपट्टिनम हे नाव मात्र तमिळनाडूबाहेर क्वचितच कुणी ऐकलं असेल. त्याच पावसात चेन्नईला निघालेली चेंदूर एक्स्प्रेस श्रीवैकुंठमला अडकली, सुमारे आठशे प्रवासी पाण्यानं वेढले गेले. १८ डिसेंबरला दिल्लीत संसदेतून एका दिवसात ७८ खासदार निलंबित झाले. त्या संध्याकाळी पडद्यावर कोण असणार, हे सांगायला नको.

आणि त्याच्या दोनच आठवडे आधी मिचौंग चक्रीवादळाच्या पावसानं चेन्नई बुडाली होती. त्या बातमीला देशभर जागा मिळाली. कारण चेन्नई महानगर आहे, तिथं विमानतळ आहे, वाहिन्यांची कार्यालयं आहेत. म्हणजे दिल्लीला चेन्नई दूर, तशी चेन्नईला तुतिकोरिन दूर. चेन्नईनंही पूर्वी उपेक्षेची तक्रार केली होतीच. २०१५ च्या नोव्हेंबरात पाऊस कडलूरला झोडपत होता तेव्हा देशाचं लक्ष नव्हतं. १ डिसेंबरच्या रात्री चेन्नई बुडाली आणि दुसऱ्या दिवशी ‘द हिंदू’ची तिथली आवृत्ती छापलीच गेली नाही, १८७८ पासून पहिल्यांदाच, तेव्हा कुठं सगळे जागे झाले.

७. बातमी आली नाही, तर बिघडतं काय?

बरंच बिघडतं. टॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या जगभरच्या सुमारे ५००० नैसर्गिक आपत्तींचा अभ्यास केला. प्रश्न होता, अमेरिका मदत कधी पाठवते? उत्तर असं निघालं की ऑलिंपिकसारखी मोठी बातमी चालू असताना आपत्ती आली तर ती टीव्हीवर कमी दिसते आणि मदत मिळण्याची शक्यताही घटते. नुकसान तेवढंच, पण मुहूर्त चुकलेला.

भारतापुरता दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या वर्षांत १६ प्रमुख राज्यांत पीक बुडाल्यावर सरकारं किती हालली ते तपासलं. जिथं वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथं सरकारनं धान्यवाटप आणि मदत अधिक केली. इथवर अपेक्षितच होतं. पण पुढं त्यांनी भाषेनुसार फोड केली, तेव्हा फरक पाडणारी वर्तमानपत्रं निघाली ती प्रादेशिक भाषांतली. इंग्रजी आणि हिंदी वर्तमानपत्रांच्या खपानं तसा परिणाम दिसला नाही.

म्हणजे निफाडच्या टपरीवरचा राग थोडा चुकीच्या पत्त्यावर जातोय. थंडीची लाट आणि हिमकण ही राज्य आपत्ती निधीतून मदत देता येईल अशा आपत्तींच्या यादीत आहेत, पीकनुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं तर. पण पंचनामा करायला तलाठी येतो तो तहसीलदारानं धाडल्यावर, आणि तहसीलदार सकाळी जिल्हा आवृत्तीचं पान उघडतो. नोएडातल्या निवेदकानं निफाडचं नाव बरोबर उच्चारलं काय किंवा चुकीचं, त्यानं पंचनामा हलत नाही.

८. आपल्या घरातली दिल्ली

मग आपल्याच वाहिन्या काय करतात ते बघू. मुंबईत पारा सोळावर आला की मरीन ड्राइव्हवरून ‘गुलाबी थंडी’चं थेट प्रक्षेपण सुरू होतं. सकाळी फिरायला आलेल्या काकांना विचारतात, कसं वाटतंय? काका म्हणतात, मस्त. वेण्णा तलावाचे हिमकण दरवर्षी पहिल्या पानावर येतात, कारण तिथं पर्यटक असतात आणि पुण्या-साताऱ्याहून छायाचित्रकार सहज पोचतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात तोरणमाळ आणि डाब परिसरातही दव गोठतं, चाऱ्यावर पांढरा थर बसतो. एखादं छायाचित्र येतं आणि मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत विषय बंद. तिथल्या घरांना कुडाच्या भिंती असतात आणि रात्र चुलीपाशी काढावी लागते, हे त्या छायाचित्रात मावत नाही.

जळगावच्या केळीचं उदाहरण तर याहून बोलकं. रावेर-यावल पट्ट्यात थंडी वाढली की केळीची वाढ खुंटते, घड नीट बाहेर पडत नाही, फळावर चरका बसतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी अलीकडच्या वर्षांत अट अशी आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याखाली राहिलं तर भरपाई. हे तापमान मोजायचं ते महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. म्हणजे दोन रात्री साडेसात आणि तिसऱ्या रात्री साडेआठ नोंदले गेले, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. केंद्र गावापासून काही किलोमीटर लांब, उंचावर किंवा इमारतींच्या गर्दीत असेल तर शेतकरी म्हणतो, माझ्या बागेत पारा सातवर होता. कंपनी म्हणते, केंद्रावर तर आठच्या वर होता. या वादाची बातमी जळगावच्या पानावर येते. मुंबईच्या आवृत्तीत ती नसते, आणि राष्ट्रीय वाहिनीवर तर प्रश्नच येत नाही. केंद्र नीट चालतंय का, कुठं बसवलंय, त्याच्याभोवती झाडी वाढलीय का, हे बघून लिहिणारा तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा मानधनावर, तेही अनियमित मानधनावर काम करत असतो आणि जाहिराती गोळा करण्याचं कामही त्याच्याच गळ्यात असतं.